माझा प्रकार तिसरा
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने २८ जुलै २०२४ रोजी आपल्या सभागृहात आयोजित केलेल्या आरोग्य-गप्पांमधील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा मी "हिपॅटायटीस सी" असं सांगितलं. ते म्हणाले, "काका, तुम्ही बँकवाले. व्याजदर, मृत्युपत्र, नॉमिनेशन यावर बोला की. लिव्हरवर बोलायला डॉक्टर बोलावू." त्यांचं बरोबर होतं. मी बी.कॉम. माणूस, अडतीस वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. वैद्यकशास्त्रातलं मला कळतं ते पेशंट म्हणून जेवढं शिकावं लागलं तेवढंच. पण या एका विषयात माझं खातं एकोणीस वर्षांचं जुनं आहे, आणि ते मी तुमच्यापासून लपवून ठेवलं. आज ते उघडायचं ठरवलं आहे.

आपल्या १५ ऑगस्टच्या रक्तदान शिबिरापासून सुरुवात करतो. सन २००५. खाली पार्किंगमध्ये कॉट मांडल्या होत्या, आणि मी पंचावन्नाव्या वर्षी मोठ्या ऐटीत तिसऱ्या नंबरवर रक्त दिलं होतं. पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला, "साहेब, एकदा येऊन भेटून जा." मला वाटलं, सर्टिफिकेट द्यायचं असेल. तिथे एका बाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या रक्तात हिपॅटायटीस सी च्या अँटिबॉडीज सापडल्या आहेत, लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा.

मी म्हटलं, मला कावीळ कधी झालीच नाही. मी दारू पीत नाही, सुपारीसुद्धा खात नाही.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं?" चढवलं होतं. १९८६ साली माझी पोस्टिंग विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी होती. वसुलीच्या दौऱ्यावरून येताना स्कूटर घसरली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दोन बाटल्या रक्त लागलं. त्या वेळी त्या दोन बाटल्यांनी मला वाचवलं. त्यांतूनच हा पाहुणा आला असणार, असं डॉक्टर म्हणाले. यात दोष कुणाला द्यायचा? १९८६ साली या विषाणूला नावच नव्हतं. हार्वे आल्टर या अमेरिकन डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं होतं की रक्त घेतलेल्यांना होणारी बरीचशी कावीळ 'ए' नाही आणि 'बी' पण नाही. म्हणून तिला 'नॉन-ए, नॉन-बी' एवढंच म्हणत. मायकल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू शोधून काढला तो १९८९ मध्ये. चार्ल्स राइस यांनी पुढे सिद्ध केलं की एकटा हा विषाणूच रोग करायला पुरेसा आहे. या तिघांना २०२० चं नोबेल मिळालं. आपल्या देशात दान केलेल्या प्रत्येक बाटलीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. म्हणजे त्याआधी ज्यांना ज्यांना रक्त चढलं आहे, त्या सगळ्यांनी आजचं माझं बोलणं जरा कान देऊन ऐका.

अँटिबॉडी सापडली म्हणजे विषाणू आतापर्यंत आत आहेच असं नसतं. शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस जणांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला स्वतःच हाकलून लावतं. म्हणून दुसरी तपासणी करतात, पीसीआर. तिच्यात विषाणू प्रत्यक्ष मोजतात. माझ्यात तो होता, आणि लाखांच्या घरात होता.

मग डॉक्टर म्हणाले, "आता जीनोटाइप काढू." हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि आज मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आता बघा, जीनोटाइप म्हणजे काय? आपल्या भाषेत सांगतो. बँकेत एक नियम असतो. क्लार्कने एंट्री केली की दुसऱ्या अधिकाऱ्याने ती तपासून पास करायची. हा विषाणू स्वतःच्या आरएनएची नक्कल करतो, सुमारे ९,६०० अक्षरांची, आणि त्याच्याकडे पासिंग ऑफिसरच नाही. चूक झाली की तशीच पुढे जाते. रोज अब्जावधी नकला, त्यात असंख्य चुका. शेकडो वर्षांत या चुका साठत साठत त्याची वेगवेगळी घराणी तयार झाली. आज आठ घराणी माहीत आहेत, त्यांना एक ते आठ नंबर दिलेत. एका घराण्याच्या आरएनएत आणि दुसऱ्याच्या आरएनएत साधारण तीस टक्के फरक असतो. प्रत्येकात पुन्हा १ए, १बी, ३ए अशा शाखा आहेत. यातलं आठवं घराणं २०१८ मध्ये कॅनडात सापडलं, आणि ते ज्या पेशंटांत सापडलं ते मूळचे आपल्या पंजाबातले होते. आणखी एक गोष्ट. विषाणू असा सारखी सही बदलत असल्यामुळे आपल्या शरीराकडचं स्पेसिमेन कार्ड जुनं होतं. बी ला लस आहे, सी ला अजून नाही, त्याचं एक मोठं कारण हेच. आणि एकदा बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होऊ शकतो तो याचमुळे.

जगात या घराण्यांची वाटणी झालेली आहे. अमेरिका, युरोप, जपान इथे पहिला प्रकार जास्त. दक्षिण आफ्रिकेत पाचवा, आग्नेय आशियात सहावा. इजिप्तमध्ये चौथा, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. तिथे नाईलच्या पाण्यातून होणाऱ्या बिल्हार्झिया नावाच्या कृमिरोगासाठी १९५० ते १९८० च्या दशकांत सरकारने गावोगाव इंजेक्शनं दिली. हेतू चांगलाच होता. पण त्याच त्या सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या, आणि एका रोगाच्या औषधाबरोबर दुसरा रोग घरोघर गेला. आपल्या भारतात तिसरा प्रकार सर्वांत जास्त, त्याखालोखाल पहिला, आणि दक्षिणेकडे पहिल्याचं प्रमाण वाढत जातं.

माझा रिपोर्ट आला, प्रकार तिसरा.

डॉक्टरांचा चेहरा खुलला. म्हणाले, "नशीबवान आहात." आणि २००६ साली ते खरंच होतं. त्या वेळी औषध एकच, इंटरफेरॉनचं आठवड्याला एक इंजेक्शन आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या. पहिल्या प्रकाराला हे ४८ आठवडे द्यावं लागे आणि तरी निम्मेच बरे होत. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराला २४ आठवडे पुरत आणि शंभरात साधारण पंचाहत्तर बरे होत. आमच्या भाषेत, पहिला प्रकार म्हणजे संशयित कर्ज आणि माझं खातं 'स्टँडर्ड', वसुली होणारच.

मी पीएफमधून पैसे काढले. धाकटीची इंजिनियरिंगची फी त्याच महिन्यात होती, ती सौ.ने आपल्या बांगड्या ठेवून भरली, हे मला फार नंतर कळलं. दर शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन, म्हणजे रविवारचा ताप घरी काढता येई आणि सोमवारी काउंटर उघडता येई. हिमोग्लोबिन खाली आलं, केस गळले, पंधरा किलो वजन गेलं. पण या सगळ्यापेक्षा वाईट होतं ते मनाचं. इंटरफेरॉनने माणूस चिडचिडा होतो, उदास होतो. मला ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी घरात ताटं भिरकावली आहेत. त्या वर्षी मी कमिटीचा खजिनदार होतो, आणि वार्षिक सभेत लिफ्टच्या खर्चावरून जो तमाशा केला तो जुन्या सभासदांना आठवत असेल. मी राजीनामा दिला, "बँकेत काम वाढलं" असं कारण लिहून. त्या दिवशी ज्यांना मी बोललो, त्यांची आज अठरा वर्षांनी माफी मागतो.

चोवीस आठवडे संपले, विषाणू शून्य. आम्ही पेढे आणले, कशाचे ते कुणाला सांगितलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली तर विषाणू परत हजर. शंभरातल्या त्या उरलेल्या पंचविसांत मी होतो.

इथून पुढचं सांगणं मला जड जातं.

आपल्या बी विंगमध्ये एक गृहस्थ राहत. त्यांच्या पत्नीची परवानगी घेऊनच मी हे बोलतो आहे, नाव घेत नाही. आम्ही रोज सकाळी बरोबर फिरायला जात असू. २००८ मध्ये एकदा ते सहज म्हणाले, "अहो, चेकअपमध्ये एसजीपीटी जरा वाढलंय. फॅटी लिव्हर म्हणाले, तेलकट कमी करा." बोलता बोलता हेही म्हणाले की पंचाण्णव साली मुतखड्याच्या ऑपरेशनला त्यांना रक्त द्यावं लागलं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं, "एक सी ची तपासणी करून घ्या." पण ते विचारतील, तुम्हाला कसं माहीत? मग सगळं सांगावं लागेल. मग गणपतीत माझ्या हातचा प्रसाद कोण घेईल? मी म्हटलं, "हो हो, तेल कमी करा."

दोन वर्षांनी त्यांच्या पोटात पाणी झालं, तेव्हा तपासणी झाली. सिऱ्हॉसिस, आणि त्यात गाठ. २०११ मध्ये ते गेले. आयुष्यात कधी थेंबाला न शिवलेला माणूस. आणि स्मशानातून येताना आपल्यातलेच कुणीतरी म्हणाले, "लिव्हर गेलं म्हणजे लपूनछपून घेत असणार." मला खरं कारण माहीत होतं. मी तेव्हाही गप्प बसलो.

दोन वर्षं आधी कळलं असतं तर ते वाचलेच असते असं मी म्हणत नाही. त्या वेळचं औषध माझ्यावरही चाललं नव्हतं. पण त्यांना एक संधी मिळाली असती, आणि वहिनींना ते वाक्य ऐकावं लागलं नसतं. काही महिन्यांपूर्वी मी वहिनींकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, मला सांगून काय उपयोग? सगळ्यांना सांगा." म्हणून आजचं हे भाषण.

आता पुन्हा त्या जीनोटाइपकडे येतो, कारण माझ्या 'स्टँडर्ड' खात्याचं पुढे काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे.

बँकेच्या वार्षिक तपासणीत माझं कोलेस्टेरॉल कायम कमी निघायचं. साजूक तूप खाऊनही १३० च्या वर गेलं नाही, याचा मला गर्व होता. तो गर्व विषाणूच्या जिवावर होता! तिसरा प्रकार लिव्हरच्या चरबीच्या कारभारात ढवळाढवळ करतो. चरबी लिव्हरमध्ये साठते आणि रक्तात कोलेस्टेरॉल कमी दिसतं. इतर प्रकारांतही लिव्हरवर चरबी दिसते, पण ती बहुतेक वजन आणि मधुमेह यांच्याशी जोडलेली. तिसऱ्यात विषाणू स्वतःच ती साठवतो. म्हणून आपल्याकडे "फॅटी लिव्हर" म्हणून सोडून दिलेल्या काही केसेसच्या मागे हा असू शकतो.

शिवाय तिसऱ्या प्रकारात लिव्हरवर व्रण पडण्याची गती जास्त असते. अमेरिकेत माजी सैनिकांच्या एक लाखाहून जास्त नोंदी तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकाराच्या तुलनेत तिसऱ्यात सिऱ्हॉसिसची जोखीम सुमारे ३० टक्के जास्त आणि लिव्हरच्या कॅन्सरची सुमारे ८० टक्के जास्त निघाली. म्हणजे औषधाला सोपा म्हणून ज्याला आम्ही चांगला समजत होतो, तो रोग म्हणून जास्त खट्याळ होता.

२०१५ मध्ये माझं फायब्रोस्कॅन झालं. ही सोनोग्राफीसारखीच दुखत नसलेली तपासणी, लिव्हर किती कडक झालं ते मोजते. साडेबाराच्या वर आकडा गेला की सिऱ्हॉसिस समजतात. माझा सतरा आला.

मधल्या काळात जगात नवीन औषधं आली होती. इंजेक्शन नाही, तोंडाने घ्यायच्या गोळ्या, आणि थेट विषाणूच्या यंत्रावर घाव घालणाऱ्या. सोफोसबुव्हिर ही त्यातली मुख्य. तिला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये परवानगी मिळाली. किंमत ऐका, एक गोळी एक हजार डॉलर, बारा आठवड्यांचे ८४ हजार डॉलर. मी पेपरात वाचलं आणि पेपर बंद केला. पण २०१४ मध्ये त्या कंपनीने भारतीय कंपन्यांना ती बनवायचा परवाना दिला आणि २०१५ च्या मार्चमध्ये २८ गोळ्यांची बाटली इथे वीस हजार रुपयांच्या आत मिळायला लागली.

आणि इथे जीनोटाइपची गंमत उलटी झाली. नवीन औषधं प्रामुख्याने पहिल्या प्रकारावर नजर ठेवून बनवली गेली होती, कारण श्रीमंत देशांत तोच जास्त. सोफोसबुव्हिरबरोबर द्यायची लेडिपासव्हिर ही पहिल्या प्रकारावर उत्तम, तिसऱ्यावर दुबळी. कालचं संशयित कर्ज स्टँडर्ड झालं आणि माझं स्टँडर्ड खातं अवघड यादीत गेलं! त्यातून सिऱ्हॉसिस, त्यातून आधी एकदा औषध फसलेलं. आमच्यासारख्यांसाठी डॅक्लाटासव्हिर नावाची दुसरी गोळी लागणार होती. डॉक्टर म्हणाले, तीन-चार महिने थांबू, ती येते आहे. म्हणून सांगतो, जीनोटाइपचा तो एका ओळीचा रिपोर्ट फाइलमध्ये नसता, तर मी घाईने चुकीची बाटली विकत घेऊन बसलो असतो.

२०१६ च्या जानेवारीत सुरू केलं. सोफोसबुव्हिर, डॅक्लाटासव्हिर आणि जुनी ओळखीची रिबाव्हिरिन, चोवीस आठवडे. थोडा थकवा, बाकी काही नाही. ताटं जागेवर राहिली. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी पीसीआर केली, विषाणू नाही. आता या बारा आठवड्यांनंतर नसला म्हणजे बरा झाला असंच मानतात. या वेळी पेढे आणले नाहीत. सौ. देवापुढे बसून राहिली आणि मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

दोन महिन्यांत माझं कोलेस्टेरॉल वाढलं. डॉक्टर हसून म्हणाले, "अभिनंदन, हे आता तुमचं स्वतःचं."

आज परिस्थिती आणखी सोपी आहे. सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर यांची एकत्र गोळी सगळ्या प्रकारांवर चालते. २८ जुलै २०१८ ला, म्हणजे बरोबर आजच्या तारखेला, आपल्या सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत केंद्रं आहेत. सिऱ्हॉसिस नसेल तर बारा आठवडे, आणि शंभरातले नव्वदहून जास्त बरे होतात. पहिल्या उपचारासाठी आता बहुधा जीनोटाइप काढावाही लागत नाही. पण सिऱ्हॉसिस झालेला असेल किंवा आधीचं औषध फसलं असेल, तर डॉक्टर अजूनही तो विचारतात. तेव्हा जुना रिपोर्ट असेल तर फेकू नका. इजिप्तने तर काही कोटी लोकांना तपासून हा रोग आटोक्यात आणला, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची दखल घेतली. सुयांनी पसरलेला रोग त्यांनी निस्तरला. आपणही निस्तरू शकतो.

मात्र विषाणू गेला म्हणजे सगळं संपलं नाही. सिऱ्हॉसिस झालेल्याने बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते, कारण कॅन्सरची जोखीम कमी होते, शून्य होत नाही. खातं बंद झालं तरी ऑडिट चालू! माझी पुढची तारीख सप्टेंबरमध्ये आहे.

आता लिफ्टमध्ये तुम्ही मला नक्की विचाराल अशा प्रश्नांची उत्तरं इथेच देऊन टाकतो.

एकत्र जेवल्याने, एका ग्लासात पाणी प्यायल्याने, हात मिळवल्याने, प्रसादाने हा पसरत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. एकोणीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेल्या सौ.ची तपासणी तीनदा झाली, तीनही वेळा निगेटिव्ह. पण दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश एकमेकांचे वापरू नयेत. सलूनमध्ये नवीन ब्लेड मागून घ्या. नातवंडांना टॅटू काढायचाच असेल तर सुई नवीन आहे ना हे बघा. प्रत्येक लहानसहान दुखण्याला "एक इंजेक्शन द्या ना डॉक्टर" ही सवय सोडा.

तपासणी कुणी करावी? २००२ पूर्वी ज्यांना रक्त चढलं आहे, मग ते बाळंतपणात असो की ऑपरेशनमध्ये. ज्यांचं डायलिसिस चालू आहे. ज्यांचं एसजीपीटी वाढलेलं आहे आणि कारण सापडत नाही. ज्यांना "फॅटी लिव्हर" म्हणून सांगितलं आहे, त्यांनीही एकदा. अँटिबॉडीची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. सापडलंच तर औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटीस बी चीही तपासणी करून घ्या, आणि हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना त्यांची नावं दाखवा. हे दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

कमिटीला माझी एक विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टच्या शिबिरात एक टेबल या तपासणीचं ठेवा. खर्चाचा वाटा उचलायला मी तयार आहे.

मी दरवर्षी शिबिरात कॉट सोडून बिस्किटं आणि कॉफीच्या टेबलावर का बसतो, असं मुलं विचारायची. मी म्हणायचो, वय झालं. खरं कारण आज तुम्हाला कळलं. अँटिबॉडी आयुष्यभर राहतात, त्यामुळे मला आता कधी रक्त देता येणार नाही. या वर्षीही मी बिस्किटांच्याच टेबलावर असेन. शेजारी तपासणीचं टेबल असेल, तर कॉफी घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी तिकडे पाठवीन. आणि तिथे पहिली चिठ्ठी फाडायला आपल्या बी विंगच्या वहिनी बसणार आहेत. त्यांनी कालच होकार दिला आहे.